अनुपलब्ध ग्रंथ, ई-आवृत्ती आणि संपादनाची जबाबदारी

१

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथ केव्हा प्रसिद्ध झाला, याची नोंद आपण काटेकोरपणे करतो. तो वाचकांच्या हातून केव्हा नाहीसा झाला, याची नोंद मात्र सहसा होत नाही. वस्तुतः ग्रंथ छापला जाणे ही जशी वाङ्मयीन घटना आहे, तशीच त्याची आवृत्ती संपणे आणि पुढची आवृत्ती न निघणे हीही आहे. समीक्षकाचे मूल्यनिर्णय, अभ्यासक्रमातील निवड, लेखकालेखकांमधील संबंधांची आपली समजूत हे सारे शेवटी उपलब्ध ग्रंथांवर आधारलेले असते. जे पुस्तक मिळत नाही त्याच्याविषयी प्रतिकूल मतसुद्धा तयार होत नाही. ते चर्चेतून गळून जाते, आणि काही काळाने ते गळून गेले आहे याचाही विसर पडतो.

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध याचे ठळक उदाहरण आहे. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या या लेखिकेने सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने हा निबंध लिहिला आणि तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे तो विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला, तोपर्यंत ९३ वर्षे लोटली होती. या काळात मराठी निबंधाची परंपरा चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ या दोन टोकांमध्ये मांडली गेली. ‘सुधारक’ निघण्यापूर्वी सहा वर्षे एका स्त्रीने स्त्रीच्या दास्याविषयी इतक्या परखड गद्यात लिहिले होते, ही गोष्ट त्या मांडणीत शिरूच शकली नाही. मालशे यांच्या आवृत्तीनंतर चित्र पालटले. १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि मराठीबाहेरच्या अभ्यासकांनाही हा निबंध परिचित झाला. एका पुनर्मुद्रणाने एका वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात दुरुस्ती करावी लागली.

अनुपलब्ध ग्रंथ अल्प किमतीच्या ई-आवृत्तीच्या रूपाने पुन्हा उपलब्ध करावेत, असा विचार आज अनेक ठिकाणी मांडला जातो, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु ही चर्चा बहुधा तंत्र आणि किंमत या दोन मुद्द्यांभोवती फिरते. मालशे यांनी केले ते केवळ प्रती वाढवण्याचे काम नव्हते. त्यांनी एक ग्रंथ निवडला, तो संपादित केला आणि वाचकांसमोर ठेवला. ग्रंथाचे पुनरुज्जीवन हे मुळात समीक्षेचे आणि संपादनाचे कार्य आहे. ते तसे झाले नाही, तर स्वस्त आवृत्ती जितकी उपकारक तितकीच अपायकारक ठरू शकेल, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

२

हा प्रश्न मुंबई-पुण्याहून पाहिला तर तितकासा तीव्र वाटत नाही. जुन्या ग्रंथसंग्रहालयांची कपाटे तेथे हाताशी असतात, रद्दीतून निवडून पुस्तके विकणारेही असतात. त्याची खरी धार भिलाईसारख्या गावी जाणवते.

छत्तीसगढचा मराठीशी संबंध आजचा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे आली आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. पुढे इंग्रजी अमदानीत, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत, या मुलखाची राजधानी नागपूर हीच होती. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले; ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले. भिलाईची कथा त्या मानाने अलीकडची. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीत देशभरातून माणसे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या पुढच्या पिढ्या हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकल्या. मराठी घरात बोलली जाते. वाचनाची सवय मात्र हिंदीची. लिपी एकच असल्यामुळे मराठी पुस्तक समोर आले तर तो वाचक ते वाचू शकतो. अडचण आहे ती पुस्तक समोर येण्याची.

या परिसरातच एक उदाहरण असे आहे की त्यातून प्रश्नाचे स्वरूप नेमके कळावे. भिलाईहून तासाभराच्या अंतरावर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. मराठी कुटुंबातला हा कवी हिंदीत लिहीत होता. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. थोरल्या बंधूंचे निधन १९६४ साली झाले. त्यांचे समग्र लेखन नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली सहा खंडांत १९८० साली प्रसिद्ध झाले आणि ते सतत वाचले गेले. शरच्चंद्रांची वाङ्मयीन कामगिरीही मोठी आहे. ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) हे कवितासंग्रह, ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या तीन संलग्न कादंबऱ्या, आणि १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेला ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा समीक्षाग्रंथ, एवढा हा पसारा आहे. मार्क्सवादी जीवनदृष्टी आणि मराठी कादंबरी यांचा विचार त्या तीन कादंबऱ्यांना वगळून करताच येत नाही.

तथापि भिलाईत बसून या तिन्ही कादंबऱ्या एकत्र मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते? एखादा भाग एका जुन्या ग्रंथालयात, दुसरा दुसऱ्या गावी, तिसऱ्यासाठी कुणाची तरी व्यक्तिगत प्रत. बिशूच्या वाढीचे सलग चित्र ज्या लेखनात उभे राहते, ते त्याने तुकड्यातुकड्यांनी, महिन्यामहिन्यांच्या अंतराने वाचावयाचे. बहुतेक जण इतके कष्ट घेत नाहीत; वाङ्मयेतिहासातील एखाद-दुसऱ्या परिच्छेदावर काम भागवतात. अशा परिस्थितीत शरच्चंद्रांविषयी जे मत रूढ होते, ते वाचनातून आलेले नसते. एकाच घरातले दोन लेखक, एकाच काळातले, एकमेकांशी वैचारिक संवाद असलेले. त्यांतल्या एकाचे लेखन सलग हाती येते आणि दुसऱ्याचे येत नाही. या दोघांची तुलना करू म्हणणाऱ्या अभ्यासकाचा तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असतो. येथे अनुपलब्धता ही केवळ गैरसोय राहत नाही, ती समीक्षेतील दोष बनते.

३

अशा ग्रंथांसाठी ई-आवृत्ती हा मार्ग का सुचतो, हे समजणे कठीण नाही. ज्या कादंबरीच्या वर्षाकाठी दहा-वीस प्रती जातील, तिची पाचशे प्रतींची आवृत्ती काढून कागद, छपाई, बांधणी आणि गोदाम यांत पैसा अडकवणे कोणत्याही प्रकाशकास परवडत नाही. प्रती थोड्या काढाव्यात तर प्रत्येक प्रतीची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. ई-आवृत्तीत खर्च एकदाच होतो. पुढे दहा वाचक आले काय आणि हजार आले काय, त्यात फारशी भर पडत नाही. शिवाय टपालखर्च नाही. भिलाई आणि पुणे येथील वाचकांना पुस्तक एकाच क्षणी, एकाच किमतीत मिळते. मराठी ग्रंथव्यवहारात ही समता पूर्वी कधी नव्हती.

या दिशेने मराठीत जे झाले आहे, ते दुर्लक्षण्याजोगे नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संगणकावर विनामूल्य खुली केली. श्री. व्यं. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने आणि ‘मराठी विश्वकोश’ शासनाच्या मंडळाकडून संगणकावर आला. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ च्या आरंभापासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. मराठी विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात स्वयंसेवक जुनी पुस्तके पान-पान करून उतरवून घेत आहेत. २०१६ च्या अखेरीस किंडल या वाचनयंत्राच्या दुकानात मराठी पुस्तकांना जागा मिळाली.

भिलाईच्या वाचकाच्या दृष्टीने ई-पुस्तकाचा आणखी एक लाभ आहे. हिंदीतून मराठीकडे येणाऱ्या वाचकास शब्दाशब्दाला अडखळावे लागते. अक्षर मोठे करता येणे, शब्द शोधता येणे, कोश शेजारी उघडता येणे या सोयी त्याला छापील पुस्तकात नसतात. ज्याची मातृभाषा मराठी आणि वाचनभाषा हिंदी, त्याला आपल्याच भाषेत परत येण्यासाठी याहून सोपी पायरी सापडणे कठीण आहे.

४

येथवर सारे अनुकूल आहे. प्रश्न उपस्थित होतो तो पुढे: उपलब्ध झाले ते नेमके काय?

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या प्रसिद्ध पुस्तकाचे उदाहरण घेऊ. १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून ते सर्वपरिचित आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. परंतु तसे करताना मूळ मजकुरात बरेच फेरफार केले, काही भाग गाळला, भाषाही आपल्या काळाला रुचेल अशी केली. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून शुद्ध पाठ प्रसिद्ध केला तो १९६६ साली. आता समजा, एखाद्या उत्साही प्रकाशकाने हे पुस्तक ई-आवृत्तीत आणावयाचे ठरवले. जुनी आवृत्ती हक्कमुक्त, तिच्या प्रतिमा सहज मिळणाऱ्या; संशोधित आवृत्ती त्या मानाने अलीकडची, तिच्यावर संपादकाचे श्रम आणि हक्क. तो साहजिकच १९०७ चा पाठ उचलील. किंमत नाममात्र, वाचक हजारो. आणि पोतदारांनी कष्टाने दूर केलेला पाठ पुन्हा सर्वत्र रूढ. मोफत आणि सदोष पाठ महाग आणि निर्दोष पाठाला मागे सारतो. आवृत्तीचे साल आणि संपादकाचे नाव मुखपृष्ठावर नसेल, तर आपण काय वाचले हे विद्यार्थ्यास कळणारही नाही.

दुसरा प्रश्न लेखनपद्धतीचा आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्यांपूर्वीच्या पुस्तकांत व्याकरणिक अनुस्वार छापले जात. ई-आवृत्ती करताना ते ‘जुनाट’ म्हणून सरसकट काढून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. पण ‘ती’ म्हणजे एक स्त्री आणि ‘तीं’ म्हणजे मुले किंवा घरे. ‘मी’ हा कर्ता आणि ‘मीं’ म्हणजे माझ्याकडून. ‘ते’ पुरुष आणि ‘तें’ एखादे पुस्तक. हा भेद त्या काळच्या वाक्यरचनेने गृहीत धरलेला असतो. अनुस्वार काढला की वाक्य नव्या नियमांत बसते, परंतु कित्येकदा अर्थ डळमळतो. सर्वसामान्य वाचकासाठी नव्या लेखनपद्धतीची आवृत्ती काढण्यास हरकत नाही; मात्र तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि अभ्यासकासाठी मूळ रूप कोठेतरी राखले पाहिजे.

तिसरा प्रश्न यंत्राचा. छापील पानाच्या प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आता देवनागरीसाठीही बऱ्यापैकी काम देतात. तथापि झिजलेल्या खिळ्यांची छपाई, पिवळा कागद आणि दाट जोडाक्षरे यांपुढे त्या चुकतात. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार उडतो. यांतल्या निरर्थक चुका लगेच दिसतात. अर्थपूर्ण चुका घातक असतात. ‘धन’ या जागी ‘घन’ आले तर कोणतीही तपासनी ते दाखवून देणार नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. गद्यात संदर्भाने चूक उमगेल. कवितेत तीच चूक नवी प्रतिमा म्हणून वाचली जाईल, आणि एखादा विद्यार्थी तिच्यावर रसग्रहणही लिहील. जी पुस्तके गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकावर जुळवली गेली, त्यांची कथा वेगळी: ती ज्या अक्षरसंचांत जुळवली ते आजच्या सार्वत्रिक संकेतप्रणालीत बसत नाहीत, आणि बेफिकीर रूपांतरात पानेच्या पाने अगम्य होतात.

चौथी गोष्ट किरकोळ वाटेल, पण किरकोळ नाही. जुन्या पुस्तकात अर्पणपत्रिका असते, प्रस्तावना असते, कधी पहिल्या आवृत्तीवरील अभिप्राय आणि शेवटी शुद्धिपत्र असते. लेखक कोणत्या वर्तुळात वावरत होता, पुस्तकाचे स्वागत कसे झाले, हे या पानांवरून कळते. ई-आवृत्तीत प्रथम गळतात ती हीच पाने.

या साऱ्यावर उपाय अवघड नाही. विकिस्रोतावर पानाचे छायाचित्र आणि उतरवलेला मजकूर शेजारीशेजारी ठेवले जातात. वाचकाला शंका आली तर मूळ पान तो स्वतः पाहू शकतो, आणि मजकूर किती जणांनी तपासला हेही त्याला कळते. ही शिस्त पैशाची नाही, प्रामाणिकपणाची आहे. कोणती आवृत्ती आधारास घेतली, लेखनपद्धतीत काय बदलले, मुद्रिते कोणी तपासली, हे सांगणारे एक पान प्रत्येक ई-पुस्तकाच्या आरंभी असले तरी निम्मे काम होईल. उरलेले निम्मे काम जाणत्या माणसाने मूळ पानाशी ताडून वाचण्याचे आहे. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे मोल द्यावे लागते. ‘परवडणारी किंमत’ म्हणताना हा खर्च शून्य धरला, तर तो पुढे वाचकाकडूनच वसूल होतो.

५

हक्कमुक्त ग्रंथांचे असे आहे. परंतु सर्वांत अडचणीत असलेले ग्रंथ हक्कमुक्त नाहीत.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे हक्क राखले होते. १९९२ साली ही मुदत ६० वर्षांवर नेली गेली. याचा परिणाम मुक्तिबोध बंधूंवरच पाहावा. थोरल्या बंधूंचे हयातीत छापलेले लेखन २०२५ च्या आरंभी मुक्त झाले. शरच्चंद्रांचे निधन १९८४ सालचे. त्यांचे लेखन मुक्त होईल ते २०४५ साली. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ चा. लेखिका २००१ साली वारल्या, म्हणून तो २०६१ च्या अखेरपर्यंत हक्कबद्ध. लोकप्रिय पुस्तकास या मुदतीने काही बिघडत नाही. त्याच्या आवृत्त्या निघतच राहतात. ज्याला बाजार नाही, अशा पुस्तकास ती कुलुपासारखी आहे. एकोणिसावे शतक मोकळे, कालपरवाचे पुस्तक दुकानात, आणि मधली चार-पाच दशके अंधारात अशी विचित्र स्थिती त्यातून निर्माण होते. नवकथा, नवकाव्य, लघुनियतकालिकांची चळवळ, दलित साहित्याची पहिली पिढी हे सारे याच मधल्या काळातले आहे.

लेखकाच्या वारसांना हक्काचे मानधन मिळू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. प्रकाशकाला कधीही सुबत्ता न देणाऱ्या या लेखकांच्या घरी तो हक्क हीच एक मिळकत असते. फ्रान्समध्ये २०१२ साली कायदा करून विसाव्या शतकातील अनुपलब्ध पुस्तके सामूहिक व्यवस्थेखाली ई-आवृत्तीत आणण्याचा प्रयत्न झाला. परंतु लेखकास व्यक्तिशः कळवल्याखेरीज त्याची संमती गृहीत धरता येणार नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ साली दिला. तो योग्यच म्हणावा लागेल. हेतू चांगला असला तरी लेखकास वगळून लेखकाचा उद्धार होत नाही.

आपल्या कायद्यात याहून सरळ वाटा आहेत, त्या फारशा वापरल्या जात नाहीत एवढेच. हक्कदार पुनर्मुद्रणास विनाकारण नकार देत असेल, किंवा त्याचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर रीतसर जाहिरात देऊन सक्तीचा परवाना मागता येतो. हक्कदार सापडत नसलेल्या प्रसिद्ध ग्रंथांपर्यंत ही सोय २०१२ च्या दुरुस्तीने आणली. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली: हक्क हस्तांतरित करतेवेळी जे माध्यम वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हस्तांतर त्या माध्यमास लागू होणार नाही, असे नमूद केले. जुन्या करारांना ही तरतूद कितपत लागू पडते याविषयी मतभेद होऊ शकतील; पण तिचा रोख लेखकाच्या बाजूचा आहे. पन्नास वर्षांपूर्वी पुस्तक प्रकाशकाला देऊन टाकले, आता आपल्या हाती काही नाही, असे समजणाऱ्या वारसांनी तो जुना कागद एकदा काढून वाचावा. संस्थांनीही वारसांकडे जावे. साध्या मराठीतला, मुदतबंद आणि मानधनाची टक्केवारी सांगणारा करारनामा घेऊन कुणी दारी आले, तर नकार देणारे वारस थोडेच निघतील.

६

एक शंका शेवटी उरते, आणि ती ग्रंथपालांच्या मनात अगोदरच आली असेल. छापील पुस्तक एकदा घेतले की ते ग्रंथालयाचे होते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा वाचनाची परवानगी तेवढी विकत मिळते. २००९ साली अॅमेझॉनने हक्काच्या वादावरून ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या प्रती परस्पर पुसून टाकल्या, आणि त्यांत ‘१९८४’ ही कादंबरी होती. ज्या ग्रंथास आपण विस्मृतीतून बाहेर काढले, तो एखादे दुकान बंद पडल्याने पुन्हा नाहीसा व्हावयाचा असेल, तर त्याला पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही. म्हणून संस्थांनी काढलेल्या ई-आवृत्तीची पूर्ण, कुलूपरहित प्रत निदान काही सार्वजनिक ग्रंथालयांकडे कायमची दिली पाहिजे, आणि थोड्या छापील प्रतीही त्याबरोबर निघाल्या पाहिजेत. कागद आणि संगणक यांत येथे विरोध नाही. एकाने दुसऱ्याची राखण करावयाची आहे.

हे काम कोणी करावे, याचे उत्तर केवळ शासन किंवा केवळ बाजार असे देता येणार नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांत दरवर्षी प्रबंध लिहिले जातात. त्यांतले काही प्रबंध एखाद्या अनुपलब्ध ग्रंथाची संपादित, टीपांसह सिद्ध केलेली आवृत्ती या स्वरूपाचे का असू नयेत? पाठ ताडून पाहणे, आवृत्त्यांतले भेद नोंदवणे, प्रस्तावना लिहिणे ही समीक्षेची प्राथमिक शाळा आहे, आणि ती आपण जवळजवळ बंद केली आहे. साहित्य संस्थांनी आणि अकादम्यांनीही आपल्या पुरस्कारप्राप्त ग्रंथांपैकी किती आज विकत मिळतात, याची यादी करून प्रसिद्ध करावी. पुरस्कार देणे म्हणजे तो ग्रंथ वाचला जावा असे म्हणणे. तो मिळतच नसेल तर त्या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

भिलाईच्या एखाद्या घरात आजीची मराठी अजून ऐकू येते आणि नात हिंदीतून मुक्तिबोध वाचते. त्यांचे भाऊ मराठीत लिहीत होते, हे तिला कुणीतरी सांगेल. ‘क्षिप्रा’ तिला त्याच दिवशी, तिच्या ऐपतीत मिळावी. आणि मिळेल ती शरच्चंद्रांनी लिहिली तशी असावी. या दोन अपेक्षांपैकी पहिली पुरी करण्याचे साधन आपल्या हाती आले आहे. दुसरी पुरी करणे हे संपादकाचे आणि समीक्षकाचे काम आहे, आणि त्याला यंत्राची सबब सांगता येणार नाही.